आईच्या वाक्यांची वही

दिनांक १९ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी साडेअकरा.

हजर: मोठा भाऊ आणि वहिनी, गोंदियाहून. माझा नवरा. माझी मुलगी, नागपूरहून, सकाळच्या बसने. दोन मामा. शेजारच्या काकी. धानाची कापणी अर्धी टाकून आलेली गल्लीतली पंचवीसेक माणसं. मी.

गैरहजर: लहान भाऊ.

हा कागद अजून माझ्याकडे आहे. आईला शेवटचं न्यायचं होतं त्या सकाळी, शाळेच्या जुन्या हजेरीपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी तो लिहिला. मी मुख्याध्यापिका आहे. घरात काही झालं की कुणी रडतं, कुणी भिंतीला टेकून बसतं, मी यादी करते. त्या दिवशीच्या यादीत अकरा कामं होती. सातवं काम असं: 'लहान भावाला नवेगाव बांधला मावशीकडे सोडणे. मामांची गाडी.' त्यापुढे बरोबरची खूण आणि वेळ: आठ वाजून दहा मिनिटं. अकरापैकी सगळ्यात आधी पूर्ण झालेलं काम हेच.

कारण होतं. वडील गेले तेव्हा तो तिरडीजवळ बसून त्यांच्या नाकातला कापूस पुन्हा पुन्हा काढत होता. चार जणांनी त्याला धरलं, तो ओरडला, एकाला चावला. या वेळी तसं नको, असं सगळ्यांचंच मत होतं. गाडी गेली तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "ये अच्छा किया तूने." आई आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं. तो त्या दारावरून गेला, गाडीत बसला आणि काच वर करायला लागला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही.

लहान भाऊ म्हणजे एक्केचाळीस वर्षांचा, उंच, दाढी नीट केलेला माणूस. तो बोलतो, पण स्वतःची वाक्यं जुळवून नाही. ऐकलेली वाक्यं तो जशीच्या तशी बोलतो: त्याच आवाजात, त्याच ठेक्यात, कधी काल ऐकलेलं, कधी वीस वर्षांपूर्वीचं. गाव त्याला पोपट म्हणायचं. घरी आम्ही काहीच म्हणत नव्हतो. 'तसा आहे तो' एवढं पाहुण्यांना सांगितलं की पुरायचं.

दरवर्षी शाळेची माहिती भरताना दिव्यांग विद्यार्थ्यांचा एक तक्ता येतो. त्यात दृष्टिदोष, श्रवणदोष अशा रकान्यांबरोबर 'स्वमग्नता' असाही एक रकाना असतो. मी तिथे शून्य लिहीत आले. शून्य खरंच होतं, माझ्या शाळेत तसं मूल नव्हतं. पण तो शब्द इतक्या वेळा हाताखालून जाऊनही आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलेल्या माणसाशी मी तो कधी जोडला नाही.

आईला तो शब्द माहीत नव्हता. तिने त्याच्याभोवती घर बसवलं होतं. जेवण झालं की ती डावाने भाताच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, काठावर दोनदा वाजवायची आणि तो येऊन बसायचा. वरण वाटीत वेगळं, भाताला लागलेलं चालत नसे. पुढे काय होणार ते ती आधी सांगायची: आता आंघोळ, मग भात, मग तलावाच्या पाळीवर. गल्लीत गलका झाला की मागचं दार लावून त्याला धानाच्या खोलीत बसवायची. अंधारी, गार, तनसाच्या, पेंढ्याच्या वासाची खोली. मी रविवारी जायची तेव्हा म्हणायची, "आई, तू याला फार सवयी लावून ठेवल्यास."

"मंग का लावू?" ती म्हणायची. "बेसवयी?"

तेरवीच्या आधी मी ते घर साफ केलं. आमच्याकडे वारलेल्या माणसाची बाज, अंथरूण, नेसत्या साड्या देऊन टाकतात, वापरातलं मडकं फोडतात. रिवाज चार वस्तूंचा होता. मी यादी करून चौदा काढल्या. आईची बाज गावातल्या एका गरजू बाईला. दोन्ही हिरव्या साड्या तिलाच. वाकडा डाव भंगारात, पोचा पडलेला गंज काकींकडे जनावरांच्या आंबोणासाठी. भिंतींना चुना मारला. वहिनीने स्टीलची नवी भांडी आणली. बारा दिवसांत घर असं झालं की मामा दारात थांबून म्हणाले, "पोरीनं सोनं केलं घराचं."

तेराव्या दिवशी मावशीकडून लहान भाऊ परत आला. उंबरठ्यावर थांबला. भिंतीचा वास घेतला. वळून रस्त्यावर गेला, तिथून घराकडे पाहिलं, पुन्हा आत आला. असं तीनदा केलं. चुकीच्या घरात आल्यावर माणूस खात्री करून घेतो तसं. मग बाज होती त्या जागी, उघड्या फरशीवर बसला.

पाहुणे पांगले. दिवा लावायची वेळ झाली. मी स्वयंपाकघरात नव्या भांड्यांवरचे कागद काढत होते. सपरीतून आईचा आवाज आला.

"कोनाचा पाय वाजला वं?"

तिचाच. त्या 'वं'च्या आधी ती घसा किंचित साफ करायची, तेसुद्धा. माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. बाहेर आले तर भाऊ भिंतीकडे पाहत बसलेला. फाटकात काकी उभ्या होत्या, हातात भाजीची वाटी. त्यांनी वाटी पायरीवर ठेवली आणि तशाच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या त्या अंगणातच थांबल्या.

"बाई, तू मास्तरीन हायेस, तुले पटनार नाही. पन बुढी अजून गेली नाही. तिचा जीव याच्यात अटकून रायला."

"काकी, तो लहानपणापासून असाच बोलतो. तुम्हीच तर त्याला पोपट म्हणायच्या."

"पोपट बोलते तवा मानसाच्या अंगावर काटा येत नाही. तिनं मलेच इचारलं, कोनाचा पाय वाजला म्हनून. मीच तं आलो होतो!"

"ती सगळ्यांनाच तसं विचारायची."

"हो ना. मंग?" काकी म्हणाल्या. "प्रतापगडले दर्ग्यावर नेऊन आन एक डाव. नाही म्हनू नोको."

दर्ग्यावरची गर्दी त्याला झेपली नसती, म्हणून मी नाही म्हणाले. काकी स्वतः जाऊन धागा घेऊन आल्या. तो मनगटाला लागताच भावाने ओरबाडून काढला. काकींनी शांतपणे उचलला आणि दाराच्या चौकटीला बांधला. तो अजून तिथेच आहे.

मी रजा टाकली आणि आईच्या घरी राहायला आले. नवरा म्हणाला, "जा. मी डबा लावतो. यादी तेवढी देऊन जा." पंधरा दिवस गेले. भाऊ जेवत नव्हता. मी हाका मारायची, तो ऐकायचा, यायचा नाही. ताट समोर नेलं तर कोरडा भात दोन घास. पँट कमरेला सेफ्टी पिनने आवळावी लागली, मग पिन आणखी आत घ्यावी लागली. आणि दिवसभर आईचा आवाज. न्हाणीतून, मागच्या दारातून, माझ्या पाठीमागून. "पानी तापलं, आंग धू." "कोनाचा पाय वाजला वं?" शाळेत मी चारशे पोरांना एका नजरेने गप्प करते. त्या घरात मी स्वयंपाकघरातून सपरीत जाताना आधी खाकरायची.

मोठा भाऊ रविवारी आला. त्याचं गोंदियात दुकान आहे, बोलणं निम्मं हिंदी.

"देख, तुझी नोकरी आहे, माझं दुकान आहे. इसको कौन देखेगा? नागपूरला एक जागा आहे, ठेवून घेतात. मी बोलून आलो. फॉर्मही आणला."

"होळीपर्यंत थांब."

"होळीपर्यंत काय होणार आहे?"

"जेवायला लागेल."

"और नहीं लगा तो?"

"तर मी स्वतः नेऊन सोडीन. लिहून ठेवते."

"लिही, लिही," तो हसला. "तू लिहिलं म्हणजे होऊनच गेलं ना."

मी खरंच लिहिलं. 'होळीपर्यंत जेवण. नाहीतर नागपूर.'

गट साधन केंद्रातली एक विशेष शिक्षिका आमच्या शाळेत दोन मुलांसाठी यायची. तिशीची, स्कूटीवर फिरणारी, कमी बोलणारी. तिला मी आधी 'एका ओळखीच्याचं' म्हणून विचारलं. तिने दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "घरी येऊ का, मॅडम?"

ती आली आणि सपरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. त्याला इकडे बघ म्हणाली नाही, नाव विचारलं नाही. पाऊण तास ती आणि तो आपापल्या जागी. मला वाटलं, हिचा वेळ फुकट गेला. तेवढ्यात तो म्हणाला, "पानी तापलं, आंग धू."

"हे ते केव्हा म्हणतात?"

"केव्हाही."

"केव्हाही नसेल. आपण वही करू." तिने चार रकाने सांगितले. वेळ. काय म्हणाले. आधी काय झालं. नंतर काय झालं. वही कर असं मला कुणी सांगावं, याचा मला राग आला.

जाताना तिने जे सांगितलं ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलं, म्हणून आठवतं. काही स्वमग्न माणसं भाषा शब्दाशब्दाने उचलत नाहीत. प्रसंग अख्खा उचलतात: वाक्य, आवाज, हात कुठे होता, उजेड कसा होता. पुन्हा तसंच वाटलं की तो अख्खा प्रसंग बाहेर येतो. "ते आईंची नक्कल करत नाहीत, मॅडम. ते तुमच्याशी बोलतायत." हा आजार नाही, उतरणार नाही, म्हणून उतरवायच्या मागे लागू नका, असंही ती म्हणाली. त्यांना काय त्रास होतो ते शोधायचं. आवाज, उजेड, अंगावरचं कापड, झोप, पोट, दात. कधी काय होणार हे त्यांना आधी कळतं का. आजूबाजूच्या माणसांना काय माहीत आहे. एकट्या त्यांच्यावर उपाय करून भागत नाही. "माणूस बदलायच्या आधी घर बदला," ती म्हणाली.

घर मी नुकतंच बदललं होतं.

वहीचं पहिलं पान चार दिवसांत भरलं. 'पानी तापलं' हे सपरीत तिसरं माणूस आलं की. पाहुणे आले, दूधवाला टेकला, शिक्षिका आणि मी दोघी बसलो, की. आंघोळ ही त्याची दिवसातली एकट्याने असण्याची वेळ होती. त्याला एकटं व्हायचं होतं. 'कोनाचा पाय वाजला' हे समोरच्या खळ्यात थ्रेशर सुरू झालं की, मिक्सर लावला की, भांडं पडलं की. दाराबाहेर पाऊल वाजलं की आई जे विचारायची, ते त्याच्याकडे सगळ्या नको असलेल्या आवाजांसाठी होतं. त्या पहिल्या संध्याकाळी मी नव्या भांड्यांवरचे कागद चुरगाळत होते. गेलेली बाई बोलत नव्हती. जिवंत माणूस मला सांगत होता की मला हे सहन होत नाही.

मी वस्तू परत आणायला निघाले. भंगारवाल्याच्या ढिगात डाव सापडला. काकींनी गंज घासून दिला. बाज जिला दिली होती ती बाई दारात आडवी उभी राहिली.

"मेल्याची वस्तू वापस नेत नसतेत, बाई. गाव थुकते."

"तुला नवी बाज आणून देते."

"नव्या-जुन्याचं नाही. तुह्या मायले सुख लागल का तिकडं?"

"तिचं मला माहीत नाही. तिचा लेक जेवत नाही."

ती बाजूला झाली. बाज तिने स्वतः डोक्यावर घेऊन आमच्या दारापर्यंत आणली. एक साडीही दिली. दुसरी फाडून तिने गोधडी शिवायला घेतली होती.

त्या दुपारी मी गंजाच्या काठावर डावाने दोनदा वाजवलं. सपरीतून बाज करकरली. तो आला, आपल्या जागी मांडी घालून बसला, वाटी उजवीकडे सरकवली. मी भात वाढला. त्याने निम्मा खाल्ला. मग माठातलं पाणी प्याला, आणि डाव्या कुशीवर हात दाबून, अगदी हळू, आईच्या आवाजात म्हणाला:

"तिले नोको सांगू. उगाच धावत येईल."

आणि ताट सरकवलं.

हे वाक्य त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. वहीत लिहिलं, अर्थाची जागा कोरी ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी दोनदा. प्रत्येक वेळी हात डाव्या कुशीवर आणि जेवण अर्धवट. मी काकींकडे गेले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मी वाक्य वाचून दाखवलं आणि त्यांचा हात थांबला.

"हे तं तुह्या मायचं."

"ते कळतं. पण कोणाबद्दल?"

"तुह्याबद्दल. आनखी कोनाबद्दल?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "पोटात कळ आली का ती मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करे, अन् बाजेवर बसून शेके. मी म्हनो, पोरीले फोन लाव. तं ती म्हने, तिले नोको सांगू, उगाच धावत येईल. धावत येईल, यादी करेल, मले नागपूरले दवाखान्यात नेऊन टाकेल. मंग याले कोन पाहील?"

"केव्हापासून?"

"आखाडीपासून."

आखाडीपासून कार्तिकापर्यंत मी दर रविवारी त्या बाजेवर तिच्याशेजारी बसले होते. हातात कागद असायचा. गॅस आहे का. बीपीच्या गोळ्या किती उरल्या. छपराची कौलं फेरली का. ती सगळ्यांची उत्तरं द्यायची आणि मी खुणा करायची. पोट दुखतं का, हा प्रश्न कागदावर नव्हता.

"तुम्ही तरी सांगायचं, काकी."

"मले सपत घातली होती. याच्या डोक्यावर हात ठेवून घ्याले लावली." काकींनी सूप परत मांडीवर घेतलं, पण हात तांदळात घातला नाही. "तो तिथीच बसून होता. मले वाटे, याले का समजते?"

म्हणजे त्याला दुखत होतं. मी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी डावी कूस दाबून पाहिली. गोंदियाला सोनोग्राफी केली, त्यासाठी दोघांनी त्याला धरलं, आणि तो घरी येऊन दोन दिवस धानाच्या खोलीतून बाहेर आला नाही. पोटात काही नव्हतं. मोठा भाऊ फोनवर म्हणाला, "बस हो गया ना? फॉर्म भरू?" होळीला तीन आठवडे राहिले होते. पिन पुन्हा आत घेतली होती.

विशेष शिक्षिका वही घेऊन बसली. "मॅडम, 'आधी काय झालं' हा रकाना फक्त या वाक्यापुरता मोठ्याने वाचा."

मी वाचलं. "माठातलं पाणी. ताक. मुरमुरे. माठातलं पाणी. पेरू. माठातलं पाणी."

"कोमट पेज प्यायल्यावर?"

मी पानं उलटली. "नाही. एकदाही नाही."

"मग पोट नसेल. दात पाहिलेत का?"

हात कुशीवर होता, कारण आईचा हात कुशीवर असायचा. वाक्याबरोबर त्याने तोही उचलला होता. दुखणं मात्र त्याचं स्वतःचं होतं.

नुसतं उचलून दवाखान्यात न्यायचं नाही, हे आता मला कळलं होतं. माझ्या मुलीने अर्जुनीच्या दाताच्या दवाखान्यात जाऊन सात फोटो काढले: पायऱ्या, दार, खुर्ची, दिवा, डॉक्टरीणबाई, हत्यारांचा ट्रे, आणि शेवटी आमचंच घर. रोज सकाळी ते क्रमाने दाखवायचे. मग बाजेवर तालीम. मी चमचा घेऊन, काकी टॉर्च घेऊन. काकींनी तर स्वतः आ वासून दाखवला. "पाह्य, बाबू, माह्या तोंडात चारच हायेत, तरी मी भेत नाही." बाराव्या दिवशी त्याने तोंड उघडलं. मागची खालची दाढ निम्मी काळी होती.

डॉक्टरीणबाईंनी दुपारची पहिली वेळ दिली, बाहेर कुणी बसलेलं नको म्हणून. पंखा बंद केला. प्रत्येक वस्तू आधी त्याच्या हातात दिली. पहिल्या दिवशी फक्त खुर्चीवर बसवून घरी पाठवलं. दुसऱ्या वेळी दाढ काढली. तो एकदा "पानी तापलं" म्हणाला, मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, डॉक्टरीणबाई आणि मीच उरलो. दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी घरी गंज वाजवला, तो आला, पूर्ण भात खाल्ला आणि माठातलं पाणी प्याला. मी वाट पाहिली. तो काही बोलला नाही.

होळीला मोठा भाऊ आला, खिशात फॉर्म. अंगणात चप्पल काढताना ती पायरीवरून घसरली आणि फटकन वाजली. आतून आवाज आला.

"कोनाचा पाय वाजला वं?"

त्याने तो आवाज आई गेल्यानंतर प्रथमच ऐकला. त्याचा एक पाय पायरीवर, एक अंगणात. आणि शाळेतून आल्यावर जसं म्हणायचा तसं तो म्हणाला, "मीच हाओ, माय."

मग तो तिथेच पायरीवर बसला. मी पाणी नेलं. त्याने ते हातात धरून ठेवलं. थोड्या वेळाने गंज वाजवला, दोघे भाऊ जेवायला बसले. मोठा त्याच्या ताटाकडे पाहत राहिला. जाताना त्याने फॉर्म दुमडून माझ्या वहीत ठेवला. "राहू दे. तुझ्याकडेच ठेव," म्हणाला. या वेळी हिंदीत बोलला नाही.

माझी बदली आता या गावाजवळच्या शाळेत झाली आहे. मी इथून ये-जा करते. दिवसा काकी असतात. वहीची एक प्रत त्यांच्याकडे, एक मोठ्या भावाकडे, एक मावशीकडे. एकोणीस वाक्यं, त्यांचे अर्थ, काय करायचं आणि काय करायचं नाही. थ्रेशरवाला सुरू करायच्या आधी हाक मारतो. दूधवाला फाटकाशीच थांबतो. भावाच्या पँटची पिन निघाली.

पण रोज दिवेलागणीला तो तांब्या भरतो आणि बाजेखाली, उशाकडे, आईच्या हाताला येईल असा ठेवतो. सकाळी भरलेला तांब्या झाडाला ओततो. मागच्या दाराची कडी लावू देत नाही. आई पाळीवरून त्याच दाराने यायची.

त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी सातवं काम पूर्ण केलं त्या सकाळी तो एका लोटलेल्या दारावरून गेला, आणि परत आला तेव्हा ती नव्हती, तिची बाज नव्हती, भिंतींचा वास वेगळा होता. शिक्षिका म्हणते, सांगायला हवं. देवाघरी गेली, झोपली, असं नाही. मेली, शरीर थांबलं, परत येणार नाही, असं. फोटो दाखवून, आणि पाळीपलीकडची, तिला नेलं ती जागा दाखवून. पाच कार्डं मी तयार केली आहेत. चौथं म्हणजे त्या सकाळी मुलीने मोबाईलवर काढलेला फोटो. सगळे नातेवाईक एका फोटोत घे, असं मीच तिला सांगितलं होतं. मध्ये आई, भोवती आम्ही. यादीतले सगळे हजर.

आधी उन्हाळा होता, शाळेच्या परीक्षा होत्या. मग धानाची रोवणी. मग पोळा. कारणं माझ्याकडे नीट क्रमाने आहेत. मी शिक्षिकेला एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "सांगितल्यावर ते बोलणं थांबेल का?" ती म्हणाली, "सांगता येत नाही, मॅडम. थांबेल, किंवा नाही थांबणार." आईचा आवाज कुठेही रेकॉर्ड केलेला नाही. मी सगळ्याच्या प्रती ठेवते, पण त्या आवाजाची ठेवायचं सुचलं नाही. तो आवाज आता एकाच ठिकाणी आहे.

गेल्या महिन्यातल्या वहीत तीन नोंदी आहेत. वेळ: दिवेलागण. काय म्हणाले: कोनाचा पाय वाजला वं. आधी काय झालं: या रकान्यात मी खरं ते लिहिलं आहे. थ्रेशर नव्हतं, मिक्सर नव्हता, भांडं पडलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून मी पाय आपटला होता. त्याला त्रास होतो हे माहीत असताना. तीनदा. नंतर काय झालं: तो उठून धानाच्या खोलीत गेला. मी तिथेच उभी राहिले.

कार्तिकात वर्षश्राद्ध आहे. त्याची यादी काल केली. अकरा कामं. भटजींना निरोप दिला. तांदूळ दळून आले. मामांना फोन झाला. बाजेची नवार ताणून घेतली. दहांपुढे खुणा झाल्या. कार्डांचं पाकीट माझ्या शाळेच्या पिशवीत आहे, रबर लावून, क्रमाने.

७. त्याला पाळीवर नेऊन सांगणे. माणसं जमायच्या आधी.